जांभळा तागा

डोंगरावरच्या स्पॉल्डिंग्स गावात बाजारातून चर्चकडे चढणाऱ्या रस्त्यावर युलाली फेसीचे शिवणाचे दुकान होते. कापडाला कात्री लावण्याआधी ती त्याची कड चिमटीत धरून कानाशी न्यायची, हळूच चुरायची आणि त्याच्या आवाजावरून ठरवायची, हे धुण्यात किती आटेल. डोंगरावरच्या माणसांना याचे हसू येई. पण मुलीचे लग्न असो की बापाची मयत, कपडे शिवायला सगळे तिच्याकडेच येत.

तिच्या खिडकीतून खाली हिल अँड हार्बर बँकेच्या शाखेचे लाल छप्पर दिसे. गावात तिला नुसती हार्बर म्हणत. शाखेतल्या मुलींचे आकाशी गणवेश युलाली शिवायची. दरवर्षी ख्रिसमसच्या आधी नवे आकाशी कापड यायचे, मुली घोळक्याने माप द्यायला यायच्या, एकमेकींच्या कमरेवरून चेष्टा करायच्या, आणि युलाली तोंडात टाचण्या धरून गालातल्या गालात हसायची.

तरीही स्पॉल्डिंग्समध्ये 'बँकर' म्हटले की माणसे त्या लाल छपराकडे बोट दाखवत नसत. ती युलालीकडे दाखवत. भिशी तिची होती. दर शुक्रवारी बाजारातल्या बाया आपापला हात टाकायला तिच्या दारात येत. हप्त्याला तिकडे हात म्हणतात. जिची पाळी असेल ती सगळ्यांचे हात एकत्र करून उचल घेऊन जाई. कुणाचा हात एखाद्या शुक्रवारी पडला नाही तर युलाली पदरचे घालायची. तिच्या आईला पुरले तो शुक्रवारच होता. त्या दिवशीही संध्याकाळी ती काळ्या कपड्यांत दाराशी बसली आणि तिने उचल दिली. ही गोष्ट बाया आपल्या सुनांना सांगत.

त्या वर्षी धुके लवकर उतरले आणि उठायचे नाव घेईना. आल्याच्या शेतांवर ते दुपारपर्यंत पडून राही. त्याच दिवसांत हार्बरचे काहीतरी बिनसले. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना दिलेली कर्जे परत येत नव्हती म्हणे. हॉटेले अर्धी बांधून तशीच उभी होती, समुद्राकडे तोंड वासून. आधी शाखेने नवी कर्जे देणे बंद केले. मग दाराशी एक पहारेकरी असायचा तिथे दोन उभे राहू लागले. मुली माप द्यायला येत तेव्हा चेष्टा करीनाशा झाल्या. त्यांचे जुने गणवेश खांद्यावरून ओघळू लागले. युलालीने एकामागून एक सगळ्यांच्या कमरा आवळून दिल्या आणि कुणालाच काही विचारले नाही.

बोलायचे काम टीचर लिनव्हल मॅकनॅब करीत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी कोकोचा मग घेऊन तिच्या बाकावर येऊन बसत आणि वर्तमानपत्रातले शेअरचे भाव मोठ्याने वाचत. त्यांच्याकडे हार्बरचे बरेच शेअर होते. एका शेअरला आता उकडलेल्या कणसाएवढाही भाव उरला नव्हता, पण टीचरांचा धीर सुटला नव्हता. अशी मोडकळीला आलेली बँक मोठी बँक गिळते, असे त्यांचे म्हणणे. उत्तरेकडची एक छोटी बँक अशीच विकली गेली, तेव्हा ज्यांच्याकडे तिचे कागद होते त्यांना तिप्पट मिळाले. हार्बरचेही तसेच होणार, फक्त कोण घेणार आणि कधी, एवढेच कळायचे बाकी.

"टीचर, आयुष्यभर पोरांना बेरीज शिकवलीत," युलाली मशीन न थांबवता म्हणायची. "आता म्हातारपणी रोज सकाळी वजाबाकी मोठ्यानं वाचताय."

"हसा, मिस युलाली. किंग्स्टनची मोठी बँक आली की मी तुमच्याकडूनच सूट शिवून घेणार आहे. अस्तर रेशमी लावा."

"रेशमाचे पैसे आधी ठेवा. मग बोला."

नोव्हेंबरात इसिल्डा पेनँटची उचल निघाली. इसिल्डा युलालीची लहानपणापासूनची मैत्रीण. एकाच ओढ्यावर दोघी पाणी भरायच्या. तिचा नवरा ह्युबर्ट फेब्रुवारीत गेला होता आणि परसातल्या ॲकीच्या झाडाखाली त्याला पुरले होते. आता तिथली लाल माती खचत चालली होती. वर्ष भरले की थडगे बांधायचे, अशी तिकडची रीत. तोवर मातीने काय खाली बसायचे ते बसून घ्यावे लागते. इसिल्डाने उचल मोजलीसुद्धा नाही. गाठोडे तसेच युलालीच्या पुढ्यात सरकवले.

"तुझ्याकडेच राहू दे फेब्रुवारीपर्यंत. घरी ठेवले तर पोरगा मोटारसायकल आणेल, आणि हार्बरमध्ये ठेवायला आता माझा जीव धजत नाही."

"माझ्याकडे तरी कशी ठेवतेस?"

"अगं, तुझ्याकडे ठेवलेलं म्हणजे चर्चमध्ये ठेवलेलं. वर प्रार्थना करायला नको."

दोघी हसल्या. युलालीने गाठोडे अस्तराच्या कापडांच्या मागे ठेवून दिले.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या शांत वेळी, डेलरोझ मिनॉट मागच्या दाराने आली. ती हार्बरची मुख्य रोखपाल. तिचा शाळेचा पहिला झगाही युलालीनेच शिवला होता. तिच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेला तागा होता.

"मिस युलाली, पुढचं दार लावाल का जरा?"

युलालीने दार लावले. डेलरोझने हलक्या आवाजात सांगितले, चार गणवेश हवेत. एक तिचा आणि तिघी आणखी आहेत. त्या एकेकट्या येतील, मागच्या दाराने. महिना संपायच्या आत कपडे तयार पाहिजेत. बाकीच्या मुलींच्या कानावर यातले अक्षर जाता कामा नये.

"मला काही विचारू नका. माझ्याकडून बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय."

युलालीने कागद उलगडला. आत आकाशी कापड नव्हते. जांभळे होते, गडद, आणि त्यात केसाएवढी बारीक राखाडी रेघ. तिने कड कानाशी नेली, चुरली. ते कापड तिने आधी एकदा ऐकले होते. मँडेव्हिल शहरात, किंग्स्टनच्या मोठ्या बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या एका बाईचा गणवेश तिने सैल करून दिला होता. रंग तोच आणि रेघही तीच होती.

 तिने टेप घेतली आणि डेलरोझच्या खांद्याला लावली. 

"श्वास सोड गं. कोंडून माप दिलंस तर पहिल्याच दिवशी बटण तुटेल."

डेलरोझने श्वास सोडला, पण पुरता नाही.

ती गेल्यावर युलालीने तागा टेबलावर पसरला. चौघींपुरते मोजके कापड होते, वर एक बाहीसुद्धा निघाली नसती. शाखेत मुली अकरा. बाकीचे कापड मागून येईल, असे तिने स्वतःला सांगितले आणि तो विचार तिथेच दुमडून ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे फक्त रंग होता.

डोळ्यांची गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून उजव्या डोळ्यापुढे दुधाळ पडदा येत होता आणि आता डावाही त्याच वाटेने निघाला होता. सुईत दोरा ती जिभेने आणि बोटांनी ओवायची. किंग्स्टनला जाऊन डोळा कापून घ्यायचा तर तेवढी शिल्लक नव्हती. साठवलेले सगळे मोठ्या विजेच्या मशीनमध्ये गेले होते. आणि शिवता आले नाही तर युलाली फेसी म्हणजे कोण, हे तिलाच ठाऊक नव्हते. धुके दाराशी यायचे तेव्हा तिला कळायचे नाही की ते बाहेर आहे की तिच्याच डोळ्यांत.

तिप्पट, असे टीचर म्हणाले होते. फेब्रुवारी अजून लांब होता. इसिल्डाचे पैसे इसिल्डाला जसेच्या तसे मिळतील, उलट ह्युबर्टच्या थडग्यावर संगमरवराची पाटी लावता येईल, आणि वर उरेल त्यात डोळा होईल. डेलरोझला दिलेला शब्द तिने पाळला. कापडाबद्दल ती टीचरांनाही बोलली नाही. तो शब्द पाळला याचा तिला अभिमान वाटत होता, म्हणून दुसरा मोडतोय हे तिला तेवढे टोचले नाही.

मँडेव्हिलला दलालाच्या कचेरीत बारीक टाय लावलेला पोरगा बसला होता. त्याने तिचे गाठोडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

"आई, हार्बरचे सगळे विकतायत. तुम्ही घेताय?"

"सगळ्यांना शिवता येत नाही," युलाली म्हणाली.

त्याला काही कळले नाही. त्याने कागद पुढे केले, तिने सही केली.

थोड्याच दिवसांत भाव हलला. फार नाही, पण हलला. टीचर बाकावर ताठ बसून वाचू लागले. कुणीतरी आतून घेतंय, ते म्हणत, कुणाला तरी काहीतरी ठाऊक आहे. युलाली मान खाली घालून जांभळ्या कापडावर कच्चे टाके घालत राही. दाराशी पाऊल वाजले की ते कापड ती पोत्याखाली सारायची. तिघी मुली ठरल्याप्रमाणे एकेकट्या मागच्या दाराने येऊन गेल्या. एकीने जाताना तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. शेवटी युलालीनेच तो सोडवला.

मग एका गुरुवारी पुढच्या दाराने पासबुकाच्या खिडकीवरची मुलगी आली. हाडकुळी, हसरी. ख्रिसमसचा झगा शिवायला टाकायचा होता तिला. माप देता देता ती बोलत होती, यंदा आईला गादी घेऊन देणार, हप्ता ठरलाय. मग म्हणाली, "मिस युलाली, यंदाच्या आकाशी गणवेशाला बाह्या आखूड ठेवा हं. काउंटरवर उकडतं."

युलालीच्या तोंडात टाचण्या होत्या. ती नुसती मान हलवू शकली.

मुलगी गेली आणि युलाली मशीनपाशी येऊन बसली. पोत्याखालून शेवटचा जांभळा गणवेश तिने काढला. टेबलावर कापडाचा एक तुकडा उरला नव्हता. मागून दुसरा तागा आला नव्हता. येणारच नव्हता. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

जुना कोट घेऊन कुणी आले की ती काय करायची? पाठीचा चांगला भाग बघायची, त्यातून पोराचा सदरा काढायची. कोपरांवर विरलेले, कॉलरशी मळलेले, अस्तर, सगळे चिंध्यांच्या टोपलीत. कोट कुणाचा होता हे कुणी विचारत नसे. अकरातल्या चौघी म्हणजे सदरा काढायला बेतलेले कापड होते. मग बाकीचे काय? आणि हार्बरचे ते कागद, ते सदऱ्यात जाणार की टोपलीत?

ती उठली. दुकान तसेच उघडे टाकून ती पोस्टाकडे निघाली. धुक्यात दोनदा पायरी चुकली. फोनसाठी रांग होती. दलालाच्या कचेरीत फोन लागला तेव्हा त्या दिवसाचा बाजार बंद झाला होता आणि शुक्रवारी कसलीशी सुट्टी होती. बारीक टायवाला पोरगा म्हणाला, सोमवारी सकाळी या आई, पहिलं काम तुमचंच करतो. इतकी काय घाई?

शुक्रवारी बाया हात टाकायला आल्या. युलालीने प्रत्येकीचा हात घेतला, उचल दिली आणि कुणाच्याही तोंडाकडे बघितले नाही. शनिवारी डेलरोझ मागच्या दाराने येऊन चारही गणवेश घेऊन गेली. तिचे डोळे सुजलेले होते.

सोमवारी पहिल्या मिनीबसने युलाली मँडेव्हिलला निघाली. बस हार्बरच्या शाखेवरून गेली तेव्हा दार बंद होते आणि पायऱ्यांवर माणसे उभी होती.  उतारावर चालकाने रेडिओ लावला. बातम्यांत आधी केळीच्या भावाचे काहीतरी होते, मग हार्बरचे. सरकारने रविवारी बँक ताब्यात घेतली होती. ठेवी सुरक्षित. काही शाखा आणि सगळ्या ठेवी किंग्स्टनची मोठी बँक चालवणार. भागधारकांच्या भागांना काही मूल्य उरलेले नाही. हे शेवटचे वाक्य निवेदकाने बाकीच्यांसारखेच वाचले. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, चला, ठेवी तरी वाचल्या, देवाची कृपा. चालकाने गाणी लावली.

युलाली मधल्याच फाट्यावर उतरली. दलालाकडे जाऊन आता करायचे काय होते?

चार दिवसांनी शाखा उघडली. काउंटरमागे चौघी जांभळ्या कपड्यांत उभ्या होत्या. गणवेश अंगावर असे बसले होते की गावाने बघत राहावे. पासबुकाची खिडकी बंद होती.

टीचर लिनव्हल त्या सकाळी कोको न घेताच आले. वर्तमानपत्र घडी घालून गुडघ्यावर होते. 

"मी बरोबर होतो, मिस युलाली," ते म्हणाले. "बँक घेतली. मोठीनंच घेतली. भिंती घेतल्या, काउंटर घेतलं, लोकांच्या ठेवी घेतल्या, चार मुली घेतल्या. फक्त मालक नाही घेतले." ते हसल्यासारखे झाले. "मालक आपण होतो."

आपण, असे ते सहज बोलून गेले होते. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि त्यांना कळले. त्यानंतर ते त्या बाकावर फारसे बसले नाहीत.

डेलरोझ शिलाई द्यायला आली. युलालीने शेअर घेतल्याचे तिला टीचरांकडून कळले होते. ती म्हणाली, मी तर तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं.

"तू नाही सांगितलंस, बाळा. कापडानं सांगितलं."

डेलरोझने ठरल्यापेक्षा जास्त नोटा टेबलावर ठेवल्या. युलालीने जास्तीच्या उचलून तिच्या हातात परत दिल्या.

इसिल्डा जानेवारीच्या अखेरीला आली, टोपलीत रताळी घेऊन. बाकावर बसली, चपला काढल्या, पाय चोळले.

"गवंडी पुढच्या सोमवारी येतोय. सिमेंट महाग झालंय म्हणतो, पण मी त्याला गप्प केलं. उचल दे, युला."

"ती नाही."

इसिल्डा हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिने युलालीचे हात पाहिले. ते मांडीवर उताणे पडले होते. त्यात ना सुई, ना दोरा. इतक्या वर्षांत असे रिकामे हात तिने कधी पाहिले नव्हते.

"कुठं गेले?"

"हार्बरमध्ये."

"ठेवी तर सगळ्यांच्या वाचल्या म्हणतात."

"ठेव नव्हती ती. शेअर घेतले."

इसिल्डाने शेअर म्हणजे काय ते विचारले नाही. बाहेर कुणीतरी गाढवाला हाकत गेले, ते ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग युलालीने सगळे सांगितले, रंगाचे, रेघेचे, तिप्पटचे आणि डोळ्यांचे. डोळ्यांचे सगळ्यात शेवटी सांगितले.

"किती दिसतं?" इसिल्डाने विचारले.

"तू दिसतेस. तोंड नाही दिसत."

इसिल्डा उठली. चपला घालायला तिला वेळ लागला.

"मला सांगितलं असतंस तर मीच दिले असते, युला. डोळ्यासाठी. ह्युबर्टला काय घाई होती?" दाराशी ती थांबली. "मागितले असतेस तर दिले असते."

रताळ्यांची टोपली तिने तिथेच ठेवली. युलालीला वाटले विसरली. पण इसिल्डा काही विसरणारी बाई नव्हती.

युलालीने मोठे मशीन विकले. विकत घेणारा फ्रँकफील्डचा होता. त्याने ते चालवून बघितले आणि आवाजाबद्दल कुरकुर केली. तिने भाव पाडू दिला. शिवाय घरातले कपाट गेले, आईची इस्त्री गेली. तेवढ्यात सिमेंट आणि गवंडी भागला. संगमरवर नाही.

बाकीच्या बायांचा एक पैसाही गेला नव्हता. त्यांचे शुक्रवार चुकले नव्हते. तरीही एकेक जण येऊन म्हणू लागली, यंदा घरात खर्च आहे, पुढच्या वर्षी बघू. कुणी वाकडे बोलले नाही. थोड्याच दिवसांत भिशी खालच्या बेकरीवालीकडे सुरू झाली, त्याच बायांची. युलाली शुक्रवारी सवयीने दाराशी खुर्ची टाकून बसे. बाया रस्त्याने जात, हात वर करून हाक देत आणि बेकरीकडे वळत.

थडगे बांधले त्या दिवशी ती गेली. कुणी बोलावले नव्हते, कुणी नको म्हटले नाही. पुरुष सिमेंट कालवत होते, बकरीचा रस्सा शिजत होता, रम फिरत होती. युलाली ओढ्यावरून पाणी आणत राहिली, लहानपणी आणायची तसे, डोक्यावर. ॲकीखाली माती कोंबून सपाट केली होती. तिच्यावर विटा चढल्या, विटांवर सिमेंटचा गिलावा. उन्हे उतरता उतरता गवंड्याने खिळा पुढे केला आणि विचारले, नाव कोण लिहिणार? माझं अक्षर घाणेरडं आहे.

सगळे इसिल्डाकडे बघू लागले. इसिल्डाने मानेने युलालीकडे खूण केली.

खडूची रेघ इतकी वर्षे कापडावर सरळ ओढलेला हात होता तो. युलाली ओल्या गिलाव्यापाशी गुडघे टेकून बसली आणि तिने नाव कोरले. ह्युबर्ट पेनँट. शेवटच्या अक्षरापाशी तिला काही दिसेना, म्हणून डाव्या हाताच्या बोटाने तिने आधीचे अक्षर चाचपले आणि त्याच्या बेताने पुढचे ओढले. सरळ आले. गवंडी म्हणाला, वा.

इसिल्डा वाकली. तिने अक्षरे नीट पाहिली. मग थडग्याच्या शेजारी, तेवढीच लांबरुंद मोकळी सोडलेली लाल माती होती, तिथे तिने पाय ठेवला.

"ही माझी जागा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हिचे पैसे मी घरी ठेवलेत. तू काळजी करू नकोस."

युलालीने मान हलवली. बोटांना लागलेले सिमेंट सुकत चालले होते आणि ओढ्याकडून धुके वर येत होते. पाण्याची रिकामी बादली शोधायला ती हाताने जमीन चाचपू लागली. बादली तिच्या जवळच होती. इसिल्डाने ती पायाने थोडी तिच्याकडे सरकवली आणि रस्सा वाढायला निघून गेली.